पंगतीतला राहू

अमृत वाटायला मोहिनी उभी राहिली, तेव्हा तिने देव आणि दैत्य अशा दोन पंगती बसवल्या आणि वाढलं मात्र एकाच पंगतीला. आमच्या भागात ही गोष्ट पोथीतली म्हणून कुणी ऐकत नाही, ती गावातली म्हणून ऐकतात. नेवाशाला मोहिनीराजाचं देऊळ आहे. अमृताचं वाटप झालं ते तिथेच, प्रवरेच्या काठी, अशी सगळ्यांची श्रद्धा. वेश पालटून देवांच्या पंगतीत बसलेल्या राहूचं शिर उडालं ते राहुरीला पडलं आणि काया पडली ती कायगावला, असंही जुनी माणसं सांगतात. माझं आजोळ नेवाशाचं. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा राहू ठरलेला चोर असायचा. त्याचं शिर उडालं की ती समाधानाने पदर सारखा करायची आणि म्हणायची, झोपा आता.

मी संगमनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. गाव प्रवरेच्याच काठचं. रतनगडाच्या बाजूला उगम पावलेली नदी भंडारदऱ्याच्या धरणातून सुटते, अकोल्यावरून आमच्याकडे येते, संगमनेरला म्हाळुंगीला भेटते आणि खाली नेवाशाकडे जाते. दुपारच्या सुट्टीत मुलांच्या जेवणाकडे बघायचं काम शाळेत माझ्याकडे आहे. कुणाला काय वाढायचं, कुणाला किती, कोण पंगतीत बसणार आणि कोण नाही, हे प्रश्न माझ्यापुढे रोज ताटात येऊन पडतात. त्यामुळे मोहिनीची गोष्ट मला आजीसारखी ऐकून झोपता येत नाही.

काम कसं चालतं ते आधी सांगते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल, असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं मुलाच्या पोटात जावीत असा हिशोब. आमच्या स्वयंपाकीण मावशी सकाळी हजेरी विचारून जातात आणि तेवढाच तांदूळ मोजून घेतात. वाढण्याआधी मोठ्या माणसांनी, त्यात एका तरी शिक्षकाने, खाऊन बघायचं असतं आणि चव नोंदवहीत सही करायची असते. मग घंटा. नळावर हात धुवायची झोंबाझोंबी. व्हरांड्यात दोन समोरासमोर रांगा, लहान मुलं स्वयंपाकघराच्या बाजूला, म्हणजे त्यांना आधी वाढलं जातं. ताट मांडीवर घेऊ नका, खाली ठेवा, हे रोज सांगावं लागतं, कारण पातेल्यातून आलेली खिचडी मांडीवर सांडली तर भाजतं.

सगळ्यांना वाढून झालं की श्लोक. जेवण म्हणजे नुसतं पोट भरणं नाही, तो यज्ञ आहे, असं सांगणारा समर्थांच्या नावाचा श्लोक महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत म्हणतात, तोच. आमची मुलं तो एका दमात संपवतात. यज्ञ म्हणजे काय हे पहिलीतल्या मुलाला कळावं अशी माझी अपेक्षा नाही. पण शेवटच्या ताटात वाढून होईपर्यंत आपल्या ताटाला हात लावायचा नाही, ही त्यातली सर्वांत अवघड गोष्ट ती रोज करतात. सकाळी चहा-बटरवर निघालेलं सहा वर्षांचं मूल समोर वाफाळतं ताट असताना हात जोडून थांबतं. माझ्या मते यज्ञाचा सगळा अर्थ त्या थांबण्यात आहे: माझ्या ताटात आलं म्हणून पंगत पूर्ण झाली असं होत नाही.

जेवण सुरू झालं की खाणाऱ्यांकडे बघायचं नसतं, न खाणाऱ्यांकडे बघायचं असतं. वाटाणे वेचून ताटाच्या कडेला ओळीत मांडणारी एक मुलगी आहे. एक मुलगा चार घास खाऊन उरलेली खिचडी हळूच डब्यात सारतो. त्याला ओरडायचं नसतं, घरी धाकटा भाऊ आहे एवढं समजून घ्यायचं असतं. एखादं मूल मागायला लाजतं. त्याच्या शेजाऱ्याला वाढताना त्याच्याही ताटात आपसूक पळी पडेल, अशी व्यवस्था करायची असते. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत, मावशींकडूनच मी शिकले.

आता प्रश्नाकडे येते. जेवायला कोण पात्र आहे?

शाळेतल्या जेवणाच्या या योजनेचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचा इतिहास आहे. 15 ऑगस्ट 1995 ला ती सुरू झाली तेव्हा आमच्याकडे शिजवलेलं अन्न मिळत नव्हतं. महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायचा, तोही हजेरी 80 टक्के भरली तर. मी तेव्हा हायस्कुलात होते, धाकटा भाऊ प्राथमिक शाळेत. त्याला गोवर निघाला, हजेरी पडली आणि त्या महिन्याचा तांदूळ गेला. ज्या महिन्यात मूल आजारी, त्याच महिन्यात घरात तांदूळ कमी. आई काही बोलली नाही, नियम आहे म्हणाली. नियमामागचा विचार वाईट नव्हता, मुलं शाळेत टिकावीत हाच होता. पण त्या विचारात तांदूळ हे बक्षीस होतं, आणि बक्षीस म्हटलं की पात्र-अपात्र आलंच. पुढे अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली आणि 28 नोव्हेंबर 2001 ला न्यायालयाने आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण द्यायचं. आता महिन्याची हजेरी कुणी बघत नाही. आज शाळेत आलास, आज जेव. 2004 च्या एप्रिलमध्ये त्याच खटल्यात न्यायालयाने असंही सांगितलं की स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावं. कुणाच्या हातचं खायचं, हा आपल्याकडचा प्रश्न किती जुना आहे हे मराठी वाचकाला मी सांगायला नको.

तर तांदळाच्या पिशवीपासून पंगतीपर्यंत आपण आलो. पंगतीलाही मात्र एक कड असते. ती मला दिसली उसाच्या हंगामात.

दिवाळी झाली की अमृतनगरच्या कारखान्याचं गाळप सुरू होतं आणि नदीकाठच्या मोकळ्या रानात ऊसतोड कामगारांचे तळ पडतात. बीड, पाथर्डी, चाळीसगावकडची माणसं. टायरगाड्या, बैल, पाचटाच्या कोप्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून पहाटे अंधारातच फडात जातात. शाळेच्या वयाची मुलं आमच्याकडे येतात. गावाकडच्या शाळेचं शिक्षण हमी कार्ड असलं तर ठीक, नसलं तरी वयाप्रमाणे वर्गात बसवायचं हा कायदाच आहे, त्यात काही अडत नाही. अडतं ते त्यांच्या मागोमाग येणाऱ्या धाकट्यांचं. आईबाप फडात, कोपीवर कुणी नाही, मग तिसरीतला भाऊ तीन-चार वर्षांच्या बहिणीला घेऊनच शाळेत येतो.

एकदा पंगत बसली, वाढप सुरू झालं, आणि त्या रांगेत ताटांपेक्षा एक डोकं जास्त दिसलं. भावाच्या शर्टाचं टोक मुठीत धरून एक मुलगी बसली होती. केस उन्हाने तांबडे झालेले, अंगात तिच्यापेक्षा मोठ्या मापाचा स्वेटर, पुढ्यात काही नाही. मी काही बोलायच्या आत तिच्या दोन्ही बाजूंची मुलं एकदमच म्हणाली, "बाई, हिचं नाव नाही हजेरीत." भाऊ घाईने उभा राहिला. म्हणाला, "बाई, ती जेवणार नाही. नुसती बसलीय."

नुसती बसलीय.

राहू सूर्य आणि चंद्राच्या मधे बसला होता. त्या दोघांनीच मोहिनीला खूण केली.

माझ्या मनात हे सगळं येईपर्यंत मावशींनी भावाच्या डब्याचं झाकण ओढून त्यात पळीभर खिचडी वाढलीही होती. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मुलीने शर्टाचं टोक सोडलं नाही, दुसऱ्या हाताने खायला लागली. श्लोक व्हायचा होता. तिला कुणी थांब म्हटलं नाही, बाकीच्यांचे हात जोडलेलेच राहिले.

ज्यांनी तिचं नाव नाही असं सांगितलं ती मुलं दुष्ट नाहीत. मोजून वाढायचं हे ती आमच्याकडूनच शिकली आहेत, आणि मोजणं ही हलकी गोष्ट नाही. मोजतो म्हणून कुणाचं ताट रिकामं राहत नाही. मोजतो म्हणूनच वरून तांदूळ येतो. उद्या नोंद नसलेली वीस मुलं आली तर पटावरच्यांच्या ताटात कमी पडेल, हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळत नाही. सूर्यचंद्रही खोटं बोलले नव्हते.

मोहिनीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. कीर्तनात मी पुष्कळदा ऐकलं आहे, आणि भागवताचंही तेच सांगणं आहे, की दैत्यांना अमृत देणं म्हणजे सापाला दूध पाजणं. अमर झालेला दुष्ट मग आवरायचा कुणी? हा विचार मला पटतो, पण अमृतापुरताच. सत्ता, शस्त्र, कधीही न मरण्याचं बळ, या गोष्टी देताना घेणारा कोण आहे हे बघावंच लागतं. अन्न त्यात बसत नाही. अन्न कुणाला अमर करत नाही, ते फक्त उद्या सकाळपर्यंत नेतं. ज्याने कायमचं काही मिळत नाही, ते देताना कायमची पात्रता कशाला तपासायची?

आणि पात्रता येते कुठून? छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस उपाशी राहायला सांगतो, फक्त पाणी प्यायचं. बारा वर्षं गुरुघरी राहून वेद शिकून आलेला, त्याचा थोडा ताठा असलेला तो मुलगा. सोळाव्या दिवशी बाप म्हणतो, म्हण वेद. श्वेतकेतूला काही आठवत नाही. मग बाप म्हणतो, जा, जेवून ये. जेवून आल्यावर विचारलं ते सगळं त्याला येतं. मन अन्नाचंच बनलेलं आहे, हे बापाने असं दाखवून दिलं. मला ही गोष्ट साऱ्या उपनिषदांमध्ये शाळेच्या सर्वांत जवळची वाटते. दुपारनंतर गणित घेतलेल्या कुणाही शिक्षकाला ती पटेल. ज्ञान, विवेक, चांगुलपणा, ज्यांच्यावरून आपण माणूस पात्र की अपात्र ठरवतो, ते सगळं जेवणानंतर येतं. मग जेवणाआधी पात्रता मागणं म्हणजे पीक बघितल्याशिवाय बी देणार नाही म्हणण्यासारखं आहे.

मोहिनीच्या गोष्टीत आणखी एक गोष्ट आहे, ती आजी पटकन उरकायची. समुद्र दोघांनी मिळून घुसळला होता. वासुकीच्या तोंडाकडची बाजू दैत्यांनी धरली होती, विषारी फूत्कार त्यांनीच सोसले. उसाच्या तळाकडे बघून हे आठवल्याशिवाय राहत नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी'त अवतारांच्या कथा हरलेल्यांच्या बाजूने वाचल्या, त्या वाचनाचं बळ मला अशा वेळी कळतं. तरी हा मुद्दा मी फार ताणत नाही. राबले म्हणून त्यांना जेवण, असं म्हटलं की पुन्हा पात्रताच आली, फक्त निकष बदलला. त्या मुलीने ऊस तोडलेला नव्हता. ती भुकेली होती आणि पंगतीत होती, एवढं पुरे. तैत्तिरीय उपनिषदात भृगूला तप करता करता पहिल्यांदा कळतं ते हेच, की अन्न हे ब्रह्म आहे. आणि त्याच भृगुवल्लीत पुढे व्रतं सांगितली आहेत: अन्नाची निंदा करू नये, अन्न पुष्कळ करावं, दाराशी आलेल्याला परत पाठवू नये. तिथे आलेल्याचं नाव, गाव, कूळ विचारा असं कुठे म्हटलेलं नाही.

मी मोहिनीराजाला हात जोडते. कुळाचार सोडून वाद घालायला निघालेली मी बाई नाही. पण नेवाशाला गेलं की माझे पाय दोन ठिकाणी जातात. एक मोहिनीराजाच्या देवळात, आणि दुसरं, ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली त्या पैस खांबापाशी. 1290 साली तिथे ज्ञानेश्वरी पुरी झाली आणि शेवटी ज्ञानदेवांनी देवाकडे प्रसाद मागितला. त्या मागण्यात दुष्टांनाही जागा आहे. त्यांना उठवा असं ते म्हणत नाहीत, त्यांच्यातला वाकडेपणा जाऊ द्या म्हणतात. आणि मग ज्याला जे हवं ते त्याला मिळो, सगळ्या प्राणिमात्रांना. एका गावात, एका नदीच्या काठी, वाटपाचे हे दोन विचार जवळजवळ उभे आहेत. एक वाकड्याला पंगतीतून काढतो, दुसरा त्याच्यातला वाकडेपणा काढायला बघतो आणि पंगत तशीच राहू देतो. मी श्रद्धाळू आहे, म्हणून तर मला निवड करावी लागते. वाढायला उभी राहते तेव्हा मी ज्ञानदेवांच्या बाजूची आहे.

नेवाशाच्या खाली प्रवरा गोदावरीला मिळते आणि ते पाणी नाथसागरात, पैठणला जातं. तिथल्या एकनाथांनी श्राद्धासाठी शिजवलेलं अन्न, त्या वासाने भूक चाळवलेल्या, वेशीबाहेर ठेवलेल्या माणसांना आधी वाढलं, अशी कथा आहे. पंक्तीचे मानकरी रुसले. नाथांनी पुन्हा स्वयंपाक केला, पण आधी वाढलेलं चुकलं असं म्हटलं नाही. आमच्या मावशींनी नाथांचं चरित्र वाचलेलं नाही. झाकण ओढायला त्यांना ते वाचावं लागलं नाही.

पंगत एक ठेवायची म्हणजे सगळ्यांच्या ताटात एकच पदार्थ हवा, असं मात्र मला वाटत नाही. 2023 च्या नोव्हेंबरात शासनाने आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं आणि न खाणाऱ्याला केळं. आमच्याकडे माळकरी घरं पुष्कळ. एका मुलाची आई शाळेत आली. म्हणाली, "बाई, आमच्या घरात अंडं चालत नाही. त्याला खाणाऱ्यांच्या शेजारी बसवू नका, वेगळं बसवा." तिची श्रद्धा खरी होती, आवाजात भांडण नव्हतं. मी म्हणाले, "ताई, केळं त्यालाच देईन, हाताने सोलून देईन, पण उठवून वेगळं बसवणार नाही." ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, केळं पिकलेलं बघून द्या. त्या दिवसांत तुळशीची माळ घातलेला तो मुलगा केळं खायचा आणि त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेला दोस्त अंड्याचं पिवळं बाजूला काढून शेवटी खायला ठेवायचा. खाणाऱ्याने आपल्यासाठी वेगळं मागितलं तर तो त्याचा धर्म झाला. वाढणाऱ्याने आपल्या मनाने वेगळं वाढलं की तो पंक्तिप्रपंच. हा फरक मला त्या अंड्या-केळ्यांनी शिकवला. पुढे 2025 च्या जानेवारीत अंड्यांसाठीचा निधी थांबला. लोकवर्गणीतून द्या, असं सांगण्यात आलं. वर्गणी कुठल्या गावात जमते आणि कुठल्या गावात जमत नाही, ते वेगळं सांगायला नको.

राहूचं पुढे काय झालं, त्यावर मी अलीकडे जास्त विचार करते. अमृत गळ्यापर्यंत गेलं होतं, म्हणून शिर अमर झालं. पोट खाली गेलं. आता तो सूर्याला गिळतो, चंद्राला गिळतो, आणि गिळलेलं गळ्यातून बाहेर पडतं. तोंड आहे, पोट नाही, म्हणजे कधीच न भागणारी भूक. पंगतीतून उठवलं नसतं तर ही भूक जन्मालाच आली नसती. ज्यांनी त्याला दाखवून दिलं, ते अजून ग्रहणाच्या वेळी झाकोळतात. आजीच्या गोष्टीत ही शिक्षा राहूची होती. मला ती पंगतीचीही वाटते.

यंदा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. अंगणवाडीताईंशी बोलणं झालं आहे. तळ पडला की पहिल्या आठवड्यातच आम्ही दोघी तिथे जाणार आणि सहा वर्षांखालच्या मुलांची नावं अंगणवाडीत लिहून घेणार, म्हणजे त्यांचा आहार त्यांच्या नावाने येईल आणि कुणाच्या वाट्यातून काढावा लागणार नाही. बैठकीत कुणीतरी म्हणेल की चार महिन्यांची माणसं, उद्या गाड्या हलल्या की नावं तशीच पडून राहतील, कशाला हा खटाटोप. त्यांना मी सांगेन की नाव लिहून होईपर्यंतचे जे दिवस जातील, त्या दिवसांत ते मूल माझ्या व्हरांड्यात भावाशेजारी बसेल आणि मावशी त्याला वाढतील. त्या पळीचा हिशोब मागायचा असेल तर मावशींना मागू नका, माझ्याकडे मागा.